एरोबॅटिक आरसी विमान उड्डाणासाठी कसं जुळवावं

एकाच कारखान्यातली, रेडिओवर चालणारी (आरसी) दोन सारखी विमानं, तीच मोटर, तोच प्रोपेलर. एक उभं चढताना आखल्यासारखं सरळ जातं; दुसरं अर्ध्या वाटेवर डावीकडे कलायला लागतं आणि उडवणारा रडरने (उभ्या शेपटीच्या हलणाऱ्या भागाने) त्याला ओढत राहतो. विमान जोडून झाल्यावर ते कसं जुळवलं, यातून हा फरक येतो. एरोबॅटिक, म्हणजे हवेत कसरती करणाऱ्या, विमानात ट्रेनरसारखी (शिकाऊ विमानासारखी) स्वतःहून सरळ होण्याची सवय ठेवलेलीच नसते. सुलटं, उलटं, कडेवर, जसं ठेवाल तसं ते राहावं अशी त्याची रचना असते. त्यामुळे जुळवणीतली चूक ते मनातल्या मनात पचवत नाही, लगेच दाखवतं.

काम कोणत्या क्रमाने करता याला इथे फार महत्त्व आहे. आधी सांगाडा, मग जोडण्या, मग वीज, मग तोल, त्यानंतर रेडिओ आणि सगळ्यात शेवटी हवेतलं ट्रिमिंग (स्टिक सोडली तरी विमान सरळ जाईल अशी बारीक जुळवणी). आजच्या ट्रान्समीटरमध्ये इतकी मिक्सिंग (एका हालचालीबरोबर दुसरी आपोआप देणाऱ्या सोयी) असतात की सर्व्होचा (विमानाचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा) वाकडा आर्म, चुकलेला तोल, तिरकी मोटर असं जवळपास काहीही त्यात झाकता येतं. झाकलेली चूक वेग बदलला, थ्रॉटल (मोटरचा जोर) बदललं की पुन्हा वर येते. म्हणून जे हाताने सरळ होतं ते हाताने करावं आणि रेडिओ उरल्यासुरल्यासाठी ठेवावा.

तुम्ही ट्रेनर किंवा त्यापुढचं एखादं विमान आत्मविश्वासाने उडवता आणि उतरवता, असं मी धरून चालतो. विमान साधारण सव्वा ते दोन मीटर पंखविस्ताराचं, इलेक्ट्रिक. इंजिनाचं असलं तरी बहुतेक सगळं तसंच लागू होतं.

सुरुवात करण्याआधी प्रोपेलर काढून ठेवा. टेबलावर रेडिओशी खेळताना चॅनेल उलटा होणं, थ्रॉटल चुकून दुसऱ्या स्विचवर जाणं या गोष्टी घडतातच. प्रोपेलर नसेल तर मोटर नुसती गुणगुणते.

सांगाडा सरळ आहे का

पंख आणि शेपूट बसवून विमान सपाट टेबलावर ठेवा आणि मागून दहा पावलांवरून बघा. आडवी शेपटी पंखाला समांतर हवी आणि उभी शेपटी त्यांच्याशी काटकोनात. मग मोजपट्टी घ्या. डाव्या पंखाच्या टोकापासून आडव्या शेपटीच्या डाव्या टोकापर्यंतचं अंतर आणि उजवीकडचं तेच अंतर सारखं आलं पाहिजे. एकदोन मिलिमीटर चालेल, पाच नाही. शेपूट चिकटवायची बाकी असेल तर ही शेवटची संधी आहे, नंतर ती रडर ट्रिमने झाकावी लागते.

इनसिडन्स (पंख बसवलेला कोन) मोजणारा मीटर असेल तर पंख आणि आडवी शेपटी यांच्यातला कोन मोजा. बहुतेक एरोबॅटिक विमानांत तो शून्य किंवा अर्ध्या अंशाच्या आत असतो. दोन्ही पंखांचा आपसातला फरक त्याहून महत्त्वाचा आहे. एक पंख पाव-अर्धा अंश जास्त असेल तर विमान वेगानुसार वेगवेगळं गुंडाळतं (एका पंखाकडे रोल होतं) आणि एकच एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) ट्रिम सगळीकडे पुरत नाही.

हलणारे पृष्ठभाग (एलेरॉन, रडर आणि आडव्या शेपटीचा एलेव्हेटर) आणि पंख किंवा शेपूट यांच्यामधली हिंजची (बिजागरीची) फट पारदर्शक टेपने बंद करा. फटीतून हवा एका बाजूने दुसरीकडे जाते, पृष्ठभागाची ताकद कमी होते, आणि डाव्या-उजव्या फटी सारख्या नसतील तर दोन्हीकडचा परिणामही सारखा राहत नाही. फटीमुळे फ्लटरचा धोकाही वाढतो. फ्लटर म्हणजे वेगात पृष्ठभाग स्वतःहून फडफडायला लागणं. त्याचा घर्र असा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तो आला की लगेच थ्रॉटल पूर्ण कमी करायचं, नाक हळू वर घ्यायचं आणि उतरायचं. उतरल्यावर कारण सापडेपर्यंत पुन्हा उडवायचं नाही. टेप लावताना पृष्ठभाग पूर्ण वाकवून धरा, नाहीतर तो नंतर अडकेल.

जोडण्या: इथे वेळ घालवा

सगळ्या सेटअपमध्ये मला विचाराल तर सर्वांत जास्त फळ देणारा भाग हाच आहे, आणि घाईत सर्वांत जास्त इथेच उरकलं जातं.

ट्रान्समीटरमधली सगळी ट्रिम आणि सबट्रिम (सर्व्होचा मध्य सरकवणारी सेटिंग) शून्यावर आणा, एंडपॉइंट (सर्व्होच्या प्रवासाची मर्यादा) शंभर टक्क्यांवर ठेवा, सर्व्होंना वीज द्या. आता सर्व्हो मधोमध आहेत. आर्म असा बसवा की तो पुशरॉडशी (पृष्ठभागापर्यंत जाणाऱ्या काडीशी) काटकोन करेल. तो नेमका काटकोनात बसत नाही, कारण सर्व्होच्या दातांवर तो ठरावीक ठिकाणीच बसतो. 25 दात असलेल्या सर्व्होवर, फ्युटाबाचे असतात तसे, एक दात म्हणजे 14.4 अंश. इतका फरक सबट्रिमने काढू नका. चार फाट्यांचा आर्म घ्या. 25 ला चारने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक फाटा दातांच्या तुलनेत थोडा वेगळा पडतो. चारही फाटे फिरवून बघितले की त्यातला एखादा 3.6 अंशांच्या टप्प्याने जवळ येतोच. जो बसेल तो ठेवा, बाकीचे कापून टाका. 23 दातांच्या सर्व्होवरही ही युक्ती चालते. 24 दातांच्या सर्व्होवर मात्र चारही फाटे एकाच जागी येतात, तिथे काही अंशांचा सबट्रिम सोसावा लागतो.

आर्म काटकोनात नसेल तर काय बिघडतं? सर्व्हो दोन्हीकडे सारखाच फिरतो, पण पुशरॉड एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी सरकतो. म्हणजे तुम्ही न मागता डिफरेन्शियल (दोन बाजूंची असमान हालचाल) मिळतं. हॉर्नचंही (पृष्ठभागावरच्या खुंटीचंही) तसंच आहे: हॉर्नवरचं क्लेव्हिसचं (पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्याचं) भोक बरोबर हिंजरेषेच्या वर यावं. ते पुढे-मागे असेल तर पुन्हा वर-खालच्या हालचालीत फरक पडतो. एलेव्हेटरला दोन सर्व्हो असतील तर ही भूमिती दोन्हीकडे अगदी आरशासारखी लागते.

आता आर्मची लांबी. समजा हॉर्नवरचं भोक हिंजरेषेपासून 25 मिलिमीटरवर आहे आणि सर्व्हो मध्यापासून 45 अंश फिरतो. आर्मवरही 25 मिलिमीटरचं भोक घेतलंत तर पृष्ठभाग 45 अंश हलेल. तुम्हाला अचूक उड्डाणासाठी 20 अंशच हवे आहेत, म्हणून तुम्ही रेडिओत एंडपॉइंट 44 टक्क्यांवर आणता. काम झालं खरं, पण सर्व्होचा निम्म्याहून जास्त प्रवास फुकट गेला. स्टिकच्या बारीक हालचालींना मिळणारा टप्पा जाडा झाला, सर्व्होला पृष्ठभाग धरून ठेवायला जास्त जोर लागतो आणि गिअरमधला ढिलेपणा पृष्ठभागावर दुपटीहून मोठा दिसतो. त्याऐवजी आर्मवर 12 मिलिमीटरचं भोक घ्या. सर्व्हो पूर्ण 45 अंश फिरेल तेव्हा पृष्ठभाग साधारण 20 अंश हलेल, आणि सर्व्होची सगळी ताकद कामाला येईल. थ्रीडी (अगदी कमी वेगातल्या, मोठ्या हालचालींच्या कसरती) उडवायचं असेल, जिथे 40-45 अंश लागतात, तिथे लांब आर्म घ्यावाच लागतो. तिथे सर्व्हो जास्त ताकदीचा घ्या, तडजोड भूमितीत करू नका.

क्लेव्हिसवर सिलिकॉनची नळी किंवा रिंग चढवा. बॉल लिंकचा (गोळीदार सांध्याचा) स्क्रू धातूच्या नटमध्ये असेल तर थ्रेडलॉक लावा. नायलॉन घातलेल्या लॉकनटला ते लागत नाही. आर्मचा मधला स्क्रू विसरू नका, हे वाचून हसू येईल, पण उडताना आर्म निघून येण्याचं कारण बहुधा तोच असतो.

शेवटी प्रत्येक पृष्ठभाग पूर्ण वर, पूर्ण खाली नेऊन धरा आणि ऐका. सर्व्हो शेवटच्या टोकाला गुणगुणत राहिला तर काहीतरी अडतंय. हिंज ताठ आहे, आर्म बॉडीला घासतोय किंवा पुशरॉड कमानीसारखा वाकतोय. असा अडलेला सर्व्हो उड्डाणभर वीज खात राहतो.

वीज आणि रिसीव्हर

लहान विमानात ईएससीमधला (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग, पुरतो. पृष्ठभाग मोठे, सर्व्हो डिजिटल आणि चार-पाच असतील तर एकाच वेळी सगळे जोरात हलताना त्यांना क्षणभर लागणारा करंट बीईसीच्या मर्यादेपलीकडे जातो. व्होल्टेज खाली पडलं की रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या वेळात विमान आपल्या हातात नसतं. म्हणून वेगळा दमदार बीईसी किंवा रिसीव्हरसाठी स्वतंत्र पॅक लावा. दोन सेलचा लायफे (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) पॅक 6.6 व्होल्ट देतो आणि बहुतेक सर्व्होंना तो थेट चालतो. दोन सेलचा लिपो (लिथियम-पॉलिमर) भरलेला असताना 8.4 व्होल्ट असतो, तो हाय-व्होल्टेज सर्व्होंनाच द्यावा.

रिसीव्हरचे अँटेना एकमेकांशी काटकोनात आणि कार्बनच्या भागांपासून लांब ठेवा. कार्बन सिग्नल अडवतो. मोटरची बॅटरी नुसत्या वेल्क्रोवर सोडू नका, वरून पट्टाही हवा. उलट्या उड्डाणात सगळं वजन त्या पट्ट्यावरच येतं. इंजिन असेल तर टाकीतल्या फेसाकडे लक्ष द्या आणि नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) किंचित रिच, म्हणजे थोडं जास्त इंधन जाईल अशी, ठेवा. नाक उभं वर धरून पूर्ण थ्रॉटलला इंजिन झुरतं का, ते जमिनीवरच पाहा.

तोल

सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) चुकला तर बाकीचं सगळं व्यर्थ. मॅन्युअलमध्ये दिलेला पल्ला असेल तर पहिल्या उड्डाणाला त्याच्या पुढच्या टोकाने सुरुवात करा. नाकाकडे जड विमान कंटाळवाणं उडतं, शेपटीकडे जड असलेलं घाबरवतं.

मॅन्युअल नसेल तर पंखाच्या सरासरी कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) 25 ते 30 टक्क्यांवर सुरुवात करता येते. निमुळत्या पंखाची सरासरी कॉर्ड म्हणजे मुळाकडची आणि टोकाकडची रुंदी यांचा साधा मध्य नव्हे. मुळाशी 360 आणि टोकाशी 200 मिलिमीटर असेल तर मध्य 280 येतो, पण सरासरी एरोडायनॅमिक कॉर्ड सुमारे 288 मिलिमीटर. तिची जागा बॉडीच्या मध्यरेषेपासून अर्ध्या पंखविस्ताराच्या साधारण 45 टक्के अंतरावर येते. मोजमाप तिथल्या पुढच्या कडेपासून घ्यायचं. पुढची कड मागे झुकलेली असेल आणि तुम्ही मुळापाशीच मोजलंत तर काही सेंटीमीटरचा घोटाळा होऊ शकतो, आणि एवढा घोटाळा विमान पाडायला पुरतो.

पूर्ण तयार विमान तोला: स्पिनर, प्रोपेलर, बॅटरी, सगळं जागेवर. प्रोपेलर तेवढ्यापुरता बसवा, पण बॅटरीची जोडणी उघडी ठेवा. इंजिन असेल तर टाकी रिकामी. खाली पंख असलेलं विमान उलटं करून तोलणं सोपं जातं. बोटांवर नाकाचं टोक किंचित खाली झुकलं की पहिल्या उड्डाणाला पुरे.

दुरुस्तीसाठी शिसं लावण्याआधी बॅटरी सरकवून बघा. हिशेब सोपा आहे: 2400 ग्रॅमच्या विमानात 300 ग्रॅमचा पॅक 40 मिलिमीटर पुढे सरकवला तर सीजी 5 मिलिमीटर पुढे येतो. पॅक कुठपर्यंत सरकेल हे आधी ठरवून रिसीव्हर आणि रिसीव्हरचा पॅक त्यानुसार बसवला तर शिशाची वेळ सहसा येत नाही.

बाजूचा तोल बहुतेक जण बघतच नाहीत. विमान एका बोटावर स्पिनरच्या टोकाशी आणि दुसऱ्या बोटावर शेपटीशी धरून उचला. एक पंख सतत खाली जात असेल तर हलक्या पंखाच्या टोकाला थोडं वजन लावा. बहुधा पाच-दहा ग्रॅममध्ये काम होतं. हे टेबलावरच का करायचं, ते पुढे लूपच्या (हवेतल्या उभ्या गोल फेरीच्या) वेळी कळेल.

रेडिओ: थ्रो, एक्स्पो, फेलसेफ

दिशा तपासताना विमानाच्या मागे उभे राहा. एलेरॉन स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. एलेव्हेटरची स्टिक तुमच्याकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडर स्टिक उजवीकडे, रडरची मागची कड उजवीकडे. एलेव्हेटर उलटा असेल तर धावपट्टीवर कळतं. एलेरॉन उलटा असेल तर हवेत, तिसऱ्या सेकंदाला कळतं. म्हणून ही तपासणी एकदाच न करता प्रत्येक उड्डाणाआधी करायची.

सुरुवातीला थ्रो (पृष्ठभागांची कमाल हालचाल) साधारण असे ठेवा. अचूक उड्डाणासाठी एलेरॉन 15 ते 20 अंश, एलेव्हेटर 10 ते 15, रडर 25 ते 30. स्नॅप (झटक्यात घेतलेला रोल) आणि स्पिन (गरगरत खाली येणं) यांसाठी दुसरा रेट (स्विचने बदलणारा थ्रोचा संच), त्यात एलेव्हेटर 20 च्या आसपास. थ्रीडीसाठी एलेव्हेटर आणि रडर 40-45, एलेरॉन 30-35. या पहिल्या आकड्यांवर अडून बसू नका, विमान हातात आल्यावर ते बदलतीलच. अंश मोजण्याचं साधन नसेल तर पट्टी चालते. 50 मिलिमीटर रुंद पृष्ठभागाची मागची कड 13 मिलिमीटर हलली तर ते 15 अंश, 26 मिलिमीटर हलली तर 30 अंश. डाव्या-उजव्या एलेव्हेटरचं माप मध्यावर, पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा तिन्ही जागी जुळवा. फक्त टोकाला जुळवलं आणि मधे फरक राहिला तर विमान प्रत्येक खेचीत थोडं गुंडाळेल.

एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करणारी सेटिंग) कमी रेटला 25 ते 35 टक्के, थ्रीडीला 50 ते 70. चिन्ह नीट बघा: फ्युटाबात मध्य मऊ करण्यासाठी एक्स्पो उणे द्यावा लागतो, स्पेक्ट्रम आणि जेआरमध्ये अधिक. उलट चिन्ह दिलं तर मध्याजवळची स्टिक भलतीच तिखट होते. पडद्यावरच्या वक्रावर विसंबू नका. स्टिक थोडी हलवून पृष्ठभाग थोडाच हलतो का, ते डोळ्यांनी पाहा.

फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर जे करतो त्यात) थ्रॉटल बंद हवं. सेट करून सोडून देऊ नका. प्रोपेलर काढलेला असताना मोटर थोडी फिरवा, ट्रान्समीटर बंद करा, मोटर थांबली पाहिजे. रेंज चेक (सिग्नल किती लांब पोचतो याची तपासणी) कमी ताकदीच्या मोडमध्ये, मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर, आधी मोटर बंद आणि मग चालू ठेवून करा. चालू मोटरने रेंज लक्षात येण्याइतकी घटली तर अँटेनाची जागा बदला. चालू मोटरच्या चाचणीत प्रोपेलर असतो, तेव्हा विमान कुणीतरी मागून घट्ट धरलेलं हवं. थ्रॉटल बंद करायला वेगळा स्विच द्या आणि उचलताना तो नेहमी बंद बाजूला असू द्या.

विमानात जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं उपकरण) असेल तर तो पूर्ण बंद ठेवून ट्रिम करा. जायरो रेडिओसारखाच दोष झाकतो, आणि तोही दर सेकंदाला वेगवेगळा.

पहिलं उड्डाण

वारा शांत असलेली वेळ निवडा. कमी रेट, एक्स्पो चालू, टायमर चार मिनिटांवर. टेकऑफ झाल्यावर चूक सावरता येईल इतक्या उंचीवर या, मग निम्म्या-दोन तृतीयांश थ्रॉटलला सपाट उडवून ट्रिम करा. ज्या वेगाने तुम्ही बहुतेक आकृत्या उडवणार, त्याच वेगावर ट्रिम करायचं. आधी रडर, मग एलेरॉन, मग एलेव्हेटर, कारण रडर वाकडा असेल तर त्याचा परिणाम एलेरॉनमध्ये दिसतो.

उंचावरच थ्रॉटल कमी करून स्टॉल (वेग घटल्याने पंखाची उचल अचानक संपणं) कसा येतो ते बघा: नाक सरळ खाली पडतं की एक पंख आधी पडतो, आणि किती सावकाश झाल्यावर. लँडिंगचा वेग इथेच कळतो. त्यानंतर उतरवा. पहिल्या उड्डाणात लूप मारायचा मोह आवरा.

खाली आल्यावर चार्जरवर किती एमएएच (बॅटरीतला चार्ज) परत गेले ते बघा आणि टायमर असा ठेवा की पॅकमध्ये 20 ते 30 टक्के उरतील. एखाद्या पृष्ठभागाला जास्त ट्रिम लागला असेल तर क्लेव्हिस फिरवून पुशरॉडची लांबी बदला आणि रेडिओतला ट्रिम पुन्हा शून्यावर आणा. मोटर, प्रोपेलरचा नट, हॉर्न, चाकं, सगळं एकदा हाताने चाचपा.

हवेतलं ट्रिमिंग

इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक चाचणी दोनतीनदा, शक्य तर वाऱ्यासमोर आणि वाऱ्याबरोबर अशी दोन्हीकडून करायची. आडवा वारा असेल तर विमान वाऱ्यामुळे सरकतंय की स्वतःच्या दोषामुळे, हे कळत नाही. त्या दिवशी दुसरं काही करा.

पहिली चाचणी सीजीची. 45 अंशांत वर चढत जा, अर्धा रोल करून उलटे व्हा आणि एलेव्हेटर सोडा. नाक लगेच जमिनीकडे झुकलं तर नाकाकडे जड आहे, बॅटरी थोडी मागे घ्या. विमान थोडं सरळ जाऊन मग हळूहळू खाली वळलं तर अचूक उड्डाणासाठी छान. सरळच जात राहिलं किंवा आणखी वर चढायला लागलं तर शेपटीकडे जड आहे. सीजी हलवला की एलेव्हेटर ट्रिम बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी सपाट उड्डाणात पुन्हा ट्रिम करून मगच ही चाचणी परत करा. थ्रीडीवाले सीजी आणखी मागे घेतात, हॅरियर (नाक वर धरून अगदी सावकाश उडणं) आणि हॉव्हरला (प्रोपेलरवर उभं लटकण्याला) ते सोयीचं पडतं, पण फार मागे गेलं की स्पिनमधून विमान बाहेर यायला तयार होत नाही. तीन-चार मिलिमीटरच्या टप्प्याने जा आणि प्रत्येक टप्प्यावर उंचावर स्पिन घालून ते बाहेर येतं का ते पाहा.

दुसरी चाचणी मोटरच्या कोनाची. मागून पाहिलं असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर आपल्या वारा-झोताने आणि टॉर्कने विमानाला डावीकडे ओढतो, म्हणून मोटर थोडी उजवीकडे वळवलेली असते, बहुधा दोन अंशांच्या आसपास. तुमच्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने पंख समतल ठेवून जा, पूर्ण थ्रॉटल द्या, उभं वर खेचा आणि हात सोडा. विमान तुमच्याकडे कॅनोपी (वरच्या बाजूचं कॉकपिटचं झाकण) करून चढेल, त्यामुळे डावं-उजवं स्पष्ट दिसतं. डावीकडे गेलं तर उजवा थ्रस्ट (मोटरचा उजवीकडचा कोन) वाढवा, उजवीकडे गेलं तर कमी करा. चढाईच्या वरच्या भागात, वेग कमी होताना, ओढ सर्वांत जास्त दिसते. म्हणून निर्णय तिथे घ्या.

मग समोरून आडवं जाऊन हीच उभी चढाई करा आणि बाजूने बघा. नाक कॅनोपीकडे झुकलं तर डाउन थ्रस्ट (मोटरचा खालचा कोन) वाढवा, पोटाकडे झुकलं तर कमी करा. मोटर माउंटच्या मागे वॉशर घालून हा कोन बदलतो. दोन स्क्रूंमध्ये 60 मिलिमीटर अंतर असेल तर एका बाजूला 1 मिलिमीटरचा वॉशर म्हणजे जवळजवळ 1 अंश. अर्ध्या अंशाचा फरकही उभ्या रेषेत दिसतो, म्हणून पातळ वॉशर जवळ ठेवा.

तिसरी, उभी खाली येण्याची. उंचावरून थ्रॉटल पूर्ण कमी करून सरळ खाली या आणि स्टिक सोडा. विमान कॅनोपीकडे, म्हणजे वर निघायच्या दिशेने वळलं, तर त्याचं कारण असं: सपाट उड्डाणात उचल हवी म्हणून तुम्ही जे ट्रिम दिलं तेच उभ्या रेषेत खेचत राहतं, जिथे उचलीची गरजच नाही. सीजी अजून पुढे असेल तर तो आधी दुरुस्त करा. तरी उरलं तर पंखाचा इनसिडन्स किंचित कमी करा; तो बदलता येत नसेल तर कमी थ्रॉटलला एक-दोन टक्के डाउन एलेव्हेटरचं मिक्स द्या. पोटाकडे वळलं तर इनसिडन्स वाढवा. या मिक्सला रेडिओचा खरा उपयोग म्हणता येईल.

आता लूप. पंख समतल ठेवून दूर जात घट्ट लूप घ्या, मग उलटे होऊन बाहेरचा लूप ढकला. दोन्ही वेळा विमान स्वतःच्या एकाच बाजूला गुंडाळलं तर एलेव्हेटरचे दोन भाग मध्यावर एका रेषेत नाहीत. ओढताना एका बाजूला आणि ढकलताना दुसऱ्या बाजूला गुंडाळलं तर एका भागाचा थ्रो जास्त आहे, किंवा एक पंख जड आहे. ही दोन कारणं हवेत हुबेहूब सारखी दिसतात. बाजूचा तोल टेबलावर आधीच साधलेला असेल तर इथे डोकं खाजवावं लागत नाही.

एलेरॉन डिफरेन्शियलसाठी थोडं वर चढत जाताना सावकाश, सलग रोल घ्या आणि नाकाची रेषा बघा. उजवीकडे रोल देताना नाक डावीकडे सरकलं, म्हणजे रोलच्या उलट, तर खाली जाणारा एलेरॉन जास्त ड्रॅग (हवेचा विरोध) देतोय: डिफरेन्शियल वाढवा, म्हणजे खालची हालचाल कमी करा. नाक रोलच्याच दिशेला सरकलं तर कमी करा. मध्ये पंख असलेल्या विमानांना हा जेमतेम काही टक्के लागतो.

सगळ्यात शेवटी नाइफ एज. विमान कडेवर ठेवा, उंची टिकेल इतका रडर द्या आणि बाकी काही देऊ नका. ते कॅनोपीकडे किंवा पोटाकडे वळेल, शिवाय रोलही होईल. रडर दाबल्यावर रडरच्याच दिशेने रोल होत असेल तर रडरकडून एलेरॉनला उलट दिशेचं मिक्स द्या. कॅनोपीकडे वळत असेल तर रडरकडून एलेव्हेटरला डाउन, पोटाकडे वळत असेल तर अप. उजवी आणि डावी नाइफ एज वेगवेगळी तपासा, कारण दोन्हीकडचे आकडे क्वचितच सारखे येतात. आधी रोल, मग पिच (कॅनोपीकडे किंवा पोटाकडे वळणं). पाच-सात टक्क्यांहून जास्त मिक्स लागत असेल तर मागे जाऊन सीजी पुन्हा बघा. सीजी मागे-पुढे झाला की हा आकडाही बदलतो, म्हणूनच नाइफ एज यादीत शेवटी.

दर काही उड्डाणांनी मोटर माउंटचे आणि आर्मचे स्क्रू पुन्हा बघा, विशेषतः नवं विमान असेल तेव्हा, कारण लाकूड दबतं आणि स्क्रू सैल होतात. मॉडेल मेमरीची प्रत काढून ठेवा. सीजीचं मोजमाप, बॅटरीची खूण आणि मोटरखालचे वॉशर मात्र कुठल्याच मेमरीत नसतात. ते बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहा.